दोन विती भरती

माडांच्या देशात पहिलं पाऊल टाकण्याची वर्णनं आजवर बहुतेक थंड देशांतल्या माणसांनीच लिहिली. अंगात लोकरीचे कपडे, डोळ्यांत कित्येक आठवड्यांचा नुसता समुद्र, आणि समोर एकाएकी वाऱ्यावर हलणारी झावळी. मग काय विचारता! मॉरिशसच्या वाट्याला तर असे पाहुणे एकाहून एक मोठे आले. १८३६ साली बीगल जहाजातून डार्विन उतरला. १८४१ साली वीस वर्षांचा बोदलेअर आला. १८९६ साली जगभर व्याख्यानं देत फिरणारा मार्क ट्वेन येऊन गेला. त्याही आधी, १७८८ साली, ‘पॉल आणि व्हर्जिनी’ ही फ्रेंच कादंबरी निघाली आणि कधी न पाहिलेल्या या बेटाच्या सावल्यांत अर्ध्या युरोपने मनातल्या मनात मुक्काम ठोकला.

ज्याच्या परसातच माड आहेत त्याने अशा देशात उतरल्यावर काय करावं, हे मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही. आमचं घर हर्णैच्या अलीकडे, खाडीच्या तोंडाशी. माडाखालून जाताना आम्ही वर बघतो ते नारळ डोक्यात पडू नये म्हणून. घाम हा आमच्याकडे सांगण्याचा विषय नाही, तो गृहीत आहे. डिसेंबरात मुंबईहून निघालो आणि सहाएक तासांनी मॉरिशसच्या विमानतळाबाहेर उभा राहिलो, तेव्हा अंगाला जी हवा लागली ती आमच्या वैशाखातली होती. ओलसर, खारट, थोडी आळसावलेली. मी शर्टाचं वरचं बटण काढलं आणि आपण परदेशात आलोय यावर विश्वास ठेवायला काही तरी पुरावा मिळतो का ते बघू लागलो.

मिळालं ते उलटंच. पार्किंगमधल्या कचऱ्याच्या पिंपावर दोन साळुंक्या कशावरून तरी भांडत होत्या. तोच सूर, तीच मान वेळावून चालायची ऐट, आणि आपल्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही हे माहीत असूनही चेहऱ्यावर असलेला तोच करारीपणा. या बेटावर टोळधाडी फार, म्हणून १७६२ साली भारतातून साळुंक्या मुद्दाम आणवल्या होत्या. कीड मारायला परदेशातून पाखरू आणण्याच्या जगातल्या जुन्या प्रयोगांत त्याची गणना होते. करारावर आलेल्या गिरमिटिया मजुरांच्या आधी सत्तरेक वर्षं ही मंडळी इथे पोचली, करारबिरार न करता स्थायिक झाली आणि आता परक्यासारखी माझ्याकडे बघत होती.

रस्त्याला लागलो तर दुतर्फा गुलमोहर. ऐन डिसेंबरात लालभडक. साताऱ्यात गुलमोहर दिन साजरा करतात तो १ मे रोजी, कारण आपल्याकडे त्याची तीच वेळ. पण गुलमोहर मूळचा मादागास्करचा, म्हणजे इथून शेजारच्याच बेटावरचा. तेव्हा डिसेंबरात फुलणं हीच त्याची जुनी सवय. मे महिना त्याने आपल्याकडे आल्यावर धरला. फळवाल्यांकडे लिचीचे घोस टांगलेले, आंबे रचलेले. मुंबई विसाव्या उत्तर अक्षांशाच्या जरा खाली आणि हे बेट विसाव्या दक्षिण अक्षांशावर. विषुववृत्तावर नकाशा घडी घातला तर आमचा किनारा आणि हे बेट साधारण एकाच रेघेवर येईल. घडीच्या पलीकडे उन्हाळा आहे, अलीकडे गारठा. बाकी झाडंझुडपं ओळखीची. फणस होता, चिंच होती, शेवगाही होता.

मग दगड दिसले.

विमानतळ बेटाच्या आग्नेय टोकाला आहे. तिथून राजधानी पोर्ट लुईकडे निघालं की बराच वेळ दोन्ही बाजूंना ऊस लागतो. ऊस काय, कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस त्याच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण या उसाच्या मधोमध काळ्या दगडांचे ढीग उभे आहेत. वाटेल तसे टाकलेले ढीग नव्हेत ते. कडा सरळ धरून रचलेले, काही तर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत गेलेले, दोन पुरुष उंचीचे. हिरव्या रानात मध्येच एक काळा चौथरा, पुढे दुसरा, मग लांबच लांब काळा बांध. मी गाडी थांबवायला सांगितली. ड्रायव्हरला नवल वाटलं नाही. फोटो काढायला लोक समुद्राशी थांबतात, हा उसाशी थांबला, एवढंच त्याच्या चेहऱ्यावर आलं.

दगड हातात घेतला. जड, बारीक भोकाभोकांचा, उन्हाने तापलेला. हा दगड मी ओळखत होतो. सुवर्णदुर्ग ज्या खडकावर उभा आहे तो हाच. राजगडाच्या बालेकिल्ल्याला हात लावला की लागतो तो हाच. दिसायला सारखा म्हणून ओळखीचा वाटला, एवढ्यावर हे नातं संपत नाही. पृथ्वीच्या पोटात एका ठिकाणी एक कायमची धग आहे. सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत सरकत तिच्यावरून चालला होता, तेव्हा तिथून वर आलेल्या लाव्ह्याचे थरावर थर साचून आपलं दख्खनचं पठार झालं. त्याची पश्चिमेची तुटलेली कड म्हणजे सह्याद्री. भूखंड पुढे गेला. धग जिथल्या तिथे राहिली आणि वरून जो जो समुद्रतळ सरकत गेला त्याच्यावर बेटांची माळ उठवत राहिली. लक्षद्वीप आणि मालदीवच्या प्रवाळांखाली तीच रांग आहे. साधारण ऐंशी लाख वर्षांपूर्वी त्या रांगेत मॉरिशस वर आलं. आज ती धग शेजारच्या रेयुनियों बेटाखाली आहे आणि तिथला ज्वालामुखी अजूनही अधूनमधून उसळतो. म्हणजे सह्याद्री आणि हे बेट एकाच चुलीवरचे. आधी उतरवलेली भाकरी आणि मागून उतरवलेली, एवढाच काय तो फरक.

पोर्ट लुईच्या पाठीशी जे डोंगर उभे आहेत ते पाहिल्यावर तर शंकेला जागाच राहत नाही. त्यांतल्या पीटर बॉथ नावाच्या डोंगराला एक सुळका आहे आणि सुळक्याच्या टोकावर एक भलामोठा धोंडा, आत्ता पडेल की मग पडेल असा. आमच्या ट्रेकिंगवाल्या मित्रांपैकी कुणी इथे आला तर बायकोला हॉटेलात सोडून आधी तिकडे दोर घेऊन पळेल.

पण उसातले ते चौथरे डोंगराने रचलेले नाहीत. या बेटाची जमीन जागोजाग दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड उचलायचे. उचललेले टाकायला जागा नाही, म्हणून शेतातच रचायचे. पुढच्या काळात यंत्रं आली आणि हे काम त्यांनी केलं. त्याआधीचं सगळं हातांचं. आधी गुलामांच्या, मग आपल्याकडून आलेल्यांच्या.

इथे एक गोष्ट डोक्यात घुसली ती पुढे सबंध मुक्कामात सुटली नाही. डार्विन आला तेव्हा त्याला इथे रस्त्यांची कामं करणारे भारतीय कैदी दिसले. त्यांच्या रुबाबदार चेहऱ्यांची त्याने नोंद करून ठेवली आहे. हे कैदी बंगाल आणि मुंबई इलाख्यातून काळ्या पाण्यावर धाडलेले. म्हणजे डार्विनच्या डोळ्यांसमोर दगड फोडत असलेल्यांत कुणी पुण्याकडचा, कुणी कोकणातला असेलही. डार्विनला तो कसा दिसला ते आपल्याला कळतं. त्याला डार्विन कसा दिसला? त्याला हा देश कसा दिसला? उष्ण मुलखातून उष्ण मुलखात आलेला, माडांचं काडीचं अप्रूप नसलेला तो माणूस इथल्या पहिल्या सकाळी कशाकडे बघत राहिला?

पोर्ट लुईच्या बंदरात आप्रवासी घाट आहे. पूर्वी त्याला कुली घाटच म्हणत. नोव्हेंबर १८३४ मध्ये ‘अॅटलस’ नावाच्या जहाजातून कलकत्त्याचे ३६ मजूर इथे उतरले; २ नोव्हेंबरला इथे अजून सार्वजनिक सुट्टी असते. गुलामी कायद्याने बंद होऊ घातली होती, १ फेब्रुवारी १८३५ रोजी झालीही, आणि उसाला हात हवे होते. मग कलकत्ता, मद्रास, मुंबई या तीन बंदरांतून माणसं येत राहिली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत त्यांची संख्या पाच लाखांच्या घरात गेली. महिन्याला पाच रुपये पगार, काही वर्षांचा करार. २००६ साली युनेस्कोने या घाटाला जागतिक वारशाचा मान दिला. बघायला गेलं तर तिथे फारसं काही उरलेलं नाही: काही भिंती, काही खोल्यांचे पाये, आणि पाण्याकडून वर येणाऱ्या १६ दगडी पायऱ्या. त्याच काळ्या दगडाच्या.

पायऱ्या चढून आलेल्या माणसाला नंबर मिळायचा. वहीत त्याचं नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव लिहिलं जायचं. उंची मोजली जायची. अंगावरच्या खुणा टिपल्या जायच्या: कपाळावर व्रण, डाव्या दंडावर तीळ. १८६० च्या दशकापासून फोटोही काढू लागले. ही सगळी दप्तरं मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत नीट जपून ठेवलेली आहेत आणि आजही इथली कुटुंबं आपला पणजोबा शोधत तिथे जातात. तेव्हा पहिली भेट दोन्ही बाजूंची झाली होती, पण कागदावर एकाच बाजूची उतरली. बेटाने माणसाला पाहिलं ते इंचांत मोजून लिहून ठेवलं. माणसाने बेटाला पाहिलं ते त्याच्याबरोबर गेलं.

मी काही संशोधक नव्हे. पण माझ्याकडे त्या मजुरांसारखेच पाय आहेत, कातडी आहे आणि तशाच किनाऱ्यावर वाढलेलं नाक आहे. तेव्हा ठरवलं, की पुढचे दिवस प्रेक्षणीय स्थळं दुसऱ्यांना सोडायची आणि आपल्याला नेमकं कुठे अडखळायला होतं तेवढंच बघायचं.

बाजारात अडखळायला झालं ते जिभेला. बोलण्याच्या बाबतीत नव्हे. तिथे सगळा आनंदच आहे. संसदेत इंग्रजी, वर्तमानपत्रांत फ्रेंच, तोंडात क्रिओल, नोटेवर कोपऱ्यात देवनागरी अक्षरं, आणि यांतलं कुणी कुणाला ढकलत नाही. अडखळलो ते ढाल पुरीपाशी. पोर्ट लुईच्या रस्त्यावर काचेच्या पेटीत कापडाखाली पोळ्यांची चळत घेऊन माणूस उभा असतो. मऊसूत, पिवळसर, कडेपर्यंत पुरण पोचलेलं. शिजवून वाटलेली पिवळी डाळ मैद्याच्या गोळ्यात भरून इतकी पातळ लाटलेली, की आमच्याकडच्या सुगरणीने मान तुकवावी. त्याने सवयीने जोडी उचलली, तळहातावर पसरली, तीवर डबल बीची दाट आमटी, टोमॅटोचा रस्सा, हिरवी चटणी, आणि “पिमां?” असं विचारून माझ्या उत्तराची वाट न बघता मिरचीचा ठेचा. गुंडाळी करून कागदात दिली. हाताला पुरणपोळी लागत होती. वासात हळद आणि जिरं. दात लागेपर्यंत जीभ गुळाची वाट बघत होती, आणि तिथे गूळ नव्हता. ही पोळी बिहार-भोजपूरकडून आलेली. मराठी माणसाने पहिल्यांदा तिचा घास घेतला असेल तेव्हा तोही असाच क्षणभर थांबला असणार. मग भूक लागलेली असल्याने त्याने दुसरा घास घेतला असणार. मी तर दुसरी जोडीही घेतली.

घरांबद्दल थोडक्यात. उष्ण बेटावर कौलारू, लाकडी, झोपाळ्याची घरं असतील ही समजूत इथे टिकत नाही. जिकडेतिकडे काँक्रीटची चौकोनी घरं, सपाट गच्च्या, गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी उघड्या सोडलेल्या सळ्या. १९६० च्या फेब्रुवारीत कॅरल नावाचं चक्रीवादळ आलं आणि लाकूड-पत्र्याची हजारो घरं झोपवून गेलं. तेव्हापासून लोकांनी सौंदर्य बाजूला ठेवलं. वादळाच्या इशाऱ्याचे चार दर्जे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. अंगणात तुळस आणि बांबूला लाल झेंडा दिसला, की समजायचं हनुमानाचं ठाणं आहे.

आणि आकाश. दुपारी बाराच्या सुमारास रस्त्यावर उभा होतो तर सावली कुठे पडलीय ते दिसेना. बुटांखाली लपली होती. ही अवस्था आमच्याकडे मे महिन्यात होते, पंचांगाला धरून. रात्री जेवून बाहेर आलो आणि सवयीने मृग शोधला. तो होता, पण पालथा. आमच्याकडे मृग वर आणि त्याच्या खाली डावीकडे तो तेजस्वी व्याध, बाण सोडून ओणवा बसलेला. इथे उत्तरेकडे तोंड करून बघावं लागतं आणि व्याध वर चढून बसलेला असतो, पार डोक्यावर. मृग त्याच्या खाली पाय वर करून पडलेला. कोकणातला खलाशी, शेतकरी, रात्री पहाऱ्याला बसणारा, सगळे वेळ बघायचे ते या ताऱ्यांवरून. त्या माणसांपैकी कुणी इथल्या बरॅकीबाहेर, थंडीच्या म्हणून मोजलेल्या पहिल्या गरम रात्री, मान वर केली असेल तर त्याला आपण किती लांब आलोय हे कुठल्याही नकाशावाचून कळलं असेल. मला विमानतळावर शिक्का मारल्यावरही कळलं नव्हतं ते तिथे कळलं, आणि पोटात जरा हललं.

समुद्राकडे मी शेवटी गेलो. असं लांबवून ठेवण्यात थोडा दिमाख होता हे खरं. समुद्र आम्हाला कुणी नवीन दाखवायला नको.

पश्चिम किनारा. पुळणीच्या कडेने सुरूचं बन, अगदी आमच्या मुरूड-हर्णैकडे वनखात्याने लावलंय तसं, आणि त्यातून वाहणारा तोच लांबट सुसकारा. इतपत घरचंच. पण बनातून बाहेर आलो आणि काही तरी चुकल्यासारखं वाटू लागलं. आधी नाकाला वाटलं. डिसेंबरातला आमचा किनारा म्हणजे वाळत घातलेले बोंबील, जवळा, डांबर लावलेल्या होड्या. इथे वारा स्वच्छ, कसलाच वास नसलेला. मग कानाला वाटलं. लाटेचा आवाज येत होता, पण पायाशी नव्हे. लांबून, क्षितिजाच्या जरा अलीकडून, न थांबणारी एकसुरी घरघर. तिथे एक पांढरी रेघ दिसत होती. ती प्रवाळाची भिंत. जवळजवळ सबंध बेटाला तिने वेढलेलं आहे. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी ती तुटते आणि तिथे मात्र समुद्र कड्यावर येऊन आदळतो. बाकी सगळीकडे लाट बाहेरच्या बाहेर फुटते. आत उरतं ते तळ्यासारखं पाणी, गुडघ्याएवढं, पोपटी, पायाखाली प्रवाळाचा टोचणारा चुरा.

आणि तरी खरं चुकलेलं काय ते मला उमजायला दुपार उलटावी लागली. सकाळी जिथे चप्पल काढली होती तिथेच पाणी होतं. दुपारीही तिथेच. होडी बांधली होती तिच्या दोराला ढील जेमतेम हातभर. जवळ एक छोटा धक्का होता. वाकून त्याचे खांब पाहिले. आमच्या धक्क्याच्या खांबांवर कालवांचा आणि शेवाळाचा पट्टा माणसाच्या उंचीचा असतो. भरतीची रेघ वर, ओहोटीची खाली, मधल्या उघड्या अंगावर सगळा संसार. इथल्या खांबावर तो पट्टा दोन विती, फार तर अडीच. वीत लावून पाहिली. एवढीच भरती, एवढीच ओहोटी. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. किनाऱ्यापासून कितीतरी लांबपर्यंत पसरलेला उथळ समुद्रतळ भरतीला वर वर रेटत आणतो. महासागराच्या मधोमध खोल पाण्यातून वर आलेल्या या बेटाला तसं अंगण नाही. पाणी येतं आणि बाजूने निघून जातं.

ज्याने ओहोटी पाहिली नाही त्याला यात एवढं काय, असं वाटेल. पण आमच्याकडे दिवसाचे काटे समुद्र फिरवतो. होडी कधी काढायची, खाडीतून तर कधी सुटणार, कालवं काढायला बायकांनी कधी उतरायचं, पोरांनी वाळूत क्रिकेट किती वेळ खेळायचं, हे पाणी सांगतं. आज तिथी कोणती हे आजीला पंचांग न बघता ठाऊक असे. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. ओहोटीला समुद्र मागे सरला की जी ओली, चकचकीत जमीन उघडी पडते ती कुणाच्याच सातबाऱ्यावर नसते आणि सगळ्या गावाची असते. घाटाच्या त्या १६ पायऱ्या चढून आलेल्यांत एखादा आमच्या बाजूचा कोळी, भंडारी, खारवी असेल, तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी तो पाण्याकाठी उभा राहून वाट बघत राहिला असेल, समुद्र मागे कधी जातो याची. मालकाने त्याला उसात नेला, तिथे दगड होते. दगड त्याच्या ओळखीचे होते. समुद्र नव्हता.

माझ्यापुरता मॉरिशसचा परदेशपणा तिथे, त्या खांबापाशी सुरू झाला.

पुढे रविवार आला. इथे रविवारी सबंध देश पुळणीवर येतो. मोटारींच्या डिक्कीतून देगच्या निघतात, सुरूच्या बुंध्यांना ताडपत्री बांधली जाते, कुणी रावान नावाचा डफ तापवून सेगाचं नाचगाणं धरतं, म्हाताऱ्या खुर्च्या टाकून पाण्यात पाय सोडून बसतात. अशाच एका घोळक्यातून मला हाक आली ती मराठीतून. मी फोनवर घरी बोलत होतो, ते त्यांनी ऐकलं होतं.

“आपण महाराष्ट्रातून आलात काय?”

साठी उलटलेल्या बाई. गाव जवळच, उसाच्या शेतांपलीकडे. शाळेत मराठी शिकल्या, पुढे शाळेतच मराठी शिकवलं. इथल्या सरकारी शाळांत वाडवडिलांच्या भाषा शिकवतात, त्यांत आपलीही आहे. त्यांचं बोलणं छापील होतं, एकेक शब्द इस्त्री करून ठेवलेला. त्यांच्यापुढे मला माझं मराठी फारच चुरगळलेलं वाटायला लागलं. मुलगी आणि जावई क्रिओलमध्ये बोलत होते, नातवंडं तर क्रिओलमध्येच ओरडत होती. गणपतीला मात्र सगळे मराठी, असं जावयाने हसत हसत सांगितलं. त्यात अतिशयोक्ती नव्हती. आंरिएता गावात एका मराठी घराने १८९६ साली गणपती बसवला त्याचा इतिहास इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे, आणि आता गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. त्या रात्री झाकरी नाचतात. बाईंनी खुर्चीत बसल्या बसल्या पावलांनी ठेका धरून दाखवला, आणि तो आमच्या जाखडीचाच होता.

“बसावे. भोजन करावे,” त्या म्हणाल्या, आणि कोंबडीच्या बिर्याणीची ताटली माझ्या हातात आली.

गाव कुठलं ते त्यांनी विचारलं. मी सांगितलं, रत्नागिरी जिल्हा, दापोली तालुका, समुद्राकाठी. समुद्राचं नाव निघताच त्या सरसावून बसल्या.

“आपल्याकडील समुद्र असाच आहे काय?”

मी म्हटलं, मावशी, झाडं अशीच आहेत, पण समुद्र जागेवर बसत नाही. दिवसातून दोनदा येतो, दोनदा जातो. जातो तेव्हा त्या होडीच्याही पलीकडे जातो आणि मागे नुसता चिखल-वाळू उरते. येतो तेव्हा... मी हाताने दाखवलं. ही आपली चटई, ही देगची, ते आइसबॉक्स, हे सगळं पाण्याखाली. तुमच्या त्या ताडपत्रीच्या दोरीपर्यंत पाणी.

बाईंनी सगळ्यांना क्रिओलमध्ये ते सांगितलं. जावयाने मी बिअर प्यायलोय का, अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. एक नातू उठून पाण्यापर्यंत गेला, तिथे काही होतंय का ते बघून परत आला. मुलीने काही तरी विचारलं, त्यावर चर्चा झाली, मग ती शंका शुद्ध मराठीत माझ्यापर्यंत आली.

“मग रविवारी आपण सर्वजण जेवता कुठे?”

“घरी,” मी म्हटलं.

हेही क्रिओलमध्ये सांगितलं गेलं. सगळी पंगत माझ्याकडे बघून अशी कळवळली, की विचारायच्या आत माझ्या ताटलीत बिर्याणीचा आणखी एक डाव पडला.